गच्चीवरचं पाणी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता विसरलो. डहाणू रोडच्या एका गच्चीवरचं पाणी कोणीतरी सोडून दिलं, ते प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही.

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के चालू होते. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार तक्रार घेऊन आला. नव्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर बाग करायची होती. अर्ध्या भागात माती पडली होती. उरलेल्या भागात काळी शीट चिकटवून, पाणी निघून जायच्या पाइपाचं तोंड बुजवून, गळती तपासायला वीतभर पाणी भरलं होतं. कोणीतरी ते तोंड उकरलं आणि भोवतालची शीट फाडली. पाणी पाइपातून गेलंच, शिवाय झिरपून खालच्या घरात उतरलं.

पंचनामा केला. गच्चीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीन. एक ठेकेदाराकडे, एक त्याच्या मजुराकडे, आणि पाण्याच्या टाकीसाठी म्हणून एक चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेकडे. पण छत बाईंचंच भिजलं होतं. आपल्याच स्वयंपाकघरात कोण पाणी पाडून घेईल? त्यांचं नाव मी मनातून खोडलं.

वॉचमनने बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, मजुराचं काल शेठशी वाजलं. सुट्टी मागत होता."

झालं, धागा मिळाला असं वाटलं. मजूर तलासरीच्या पूर्वेकडचा, शांत माणूस. दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून बसवलं.

"पाणी तू सोडलंस?"

"नाय साहेब."

"मग कोणी?"

तो जमिनीकडे बघत राहायचा. नाकारताना ठाम होता, दुसऱ्या प्रश्नाला मात्र गप्प. खोटं बोलणारा सहसा दुसऱ्या कोणाचं नाव पुढे करतो. हा करत नव्हता. मी गोंधळलो, आणि गोंधळलेला अधिकारी आवाज चढवतो, तसा मीही चढवला.

तिसऱ्या दिवशी बाईंचा जबाब घ्यायला हवालदाराला घेऊन गेलो. बाईंचं अंथरूण हॉलमध्ये, दाराला लागून. मला वाटलं, गळतीमुळे आणलं असेल. जबाब अर्ध्यावर आला असताना धक्का बसला. भांडी खणखणली. आम्ही तिघंही जिने उतरून आवारात आलो. खरं सांगतो, सगळ्यात पुढे मी होतो.

बाईंनी वर पाहिलं आणि श्वास सोडला. "बरं झालं बाई, पाणी तरी नाही आता वर."

ज्यांचं घर भिजलं, त्यांनाच सुटल्यासारखं वाटत होतं.

"बाई, पाणी तुम्ही सोडलंत?"

त्या आवारातल्या कट्ट्यावर बसल्या. "हो. विळ्याने उकरलं. डोक्यावर माती, त्यावर तळं, आणि खाली जमीन हलतेय. सगळ्यांना सांगून पाहिलं. हसले. शीट फाटेल, घरात पाणी येईल, हे मला कुठे ठाऊक?"

"तो मजूर दोन दिवस ठाण्यात बसलाय."

त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तो गावी गेला. चला, मी येते."

त्या तशाच आल्या. मजूर त्यांना बघून उभा राहिला. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"डोळ्यांनी नाय बघितला साहेब. पण बाईंनी मला विचारलेलं, घर टिकेल का. मी बोललो, आमच्या घराच्या भिंती फाटल्या, बायको-पोरं शेतात झोपतात. त्यानंतर बाईंना झोप नव्हती. मीच घाबरवला ना त्यांना. म्हातारीला कशाला इथं बसवायची?"

बाई त्याचा हात धरून रडल्या. हवालदार खिडकीबाहेर पाहू लागला.

ठेकेदाराने तक्रार मागे घेतली. इमारतीच्या इंजिनिअरने येऊन, गच्ची किती भार पेलते ते बाईंना कागदावर काढून दाखवलं. अर्ध्या तासाचं काम. आधीच केलं असतं तर माझ्यापर्यंत काही आलंच नसतं. मजुराला सरकारी गाडीने गावी सोडायला मी स्वतः गेलो. त्याची बायको शेतातल्या ताडपत्रीखालून बाहेर आली. पोलिसांची गाडी पाहून तिने पोरांना मागे ओढलं. माफी मागायची ठरवून गेलो होतो. "याची काही चूक नव्हती" एवढंच तिला म्हणू शकलो.

यात फायदा कोणाचा, हा प्रश्न मी आयुष्यभर प्रत्येक गुन्ह्यात विचारला. पण भ्यालेला माणूस फायदा पाहत नाही. आणि गप्प बसणारा दर वेळी स्वतःलाच वाचवत असतो असंही नाही. हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. त्याआधी किती जणांवर आवाज चढवला असेल, कोण जाणे.