केळुसकर मॅडमनी लावलेली चित्रं

एका ऑफिसात काही वर्षं एकत्र काढली की माणसांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांसारखे ते साचत जातात, आणि एक ओढायला जावं तर सगळा ढीग अंगावर येतो! आमच्याकडे सगळ्यात मोठा ढीग केळुसकर मॅडमचा.

परवा शुक्रवारी इरफानच्या अल गराफाच्या घरी आम्ही जमलो ते खरं तर रडायलाच. नोकरी सोडून सांगलीला परतलेल्या मॅडम तिथे वारल्याची बातमी आदल्या दिवशी आली होती. इरफान दापोलीचा, आमचा साइट सुपरवायझर. मी इंटिरियर डिझायनर. दोहातली आमची छोटी कंपनी हॉस्पिटलांची आतली कामं करते. तिथल्या रंगांनी, चित्रांनी पेशंटला कसं वाटेल हे तपासायला मॅडम होत्या. सौंदर्याचं मानसशास्त्र हा त्यांचा विषय. माणसाला काय सुंदर वाटतं याचे प्रयोग त्यांनी सुरू केले, तेव्हा आपल्याकडे या विषयाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्या अल वक्राला मुलीकडे आल्या आणि घरात बसवेना म्हणून आमच्याकडे.

चहा झाला. मग इरफान हळूच म्हणाला, "आयडीचा किस्सा आठवतो?"

झालं!

*

मॅडमचे व्हिसाचे कागद आमच्या मंदूबने भरले. मंदूब म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस. 'एस्थेटिक्स' या शब्दाचा त्याला जो अर्थ लागला तो त्याने लिहिला. कार्ड हातात आलं, तर व्यवसाय : ब्युटिशियन!

आमचा बॉस नबील लेबनीज, अगदी सभ्य माणूस. त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर, सॉरी! आजच बदलून घेतो."

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "पीएचडीचा विषय सांगितला तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनीही हेच विचारलं होतं, पार्लर काढणार का म्हणून. इथे निदान लायसन तरी मिळालं!"

मुलीच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी पसरली. शेजारची एक बाई आयब्रो करून घ्यायला आली. मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आहेत तशा छान आहेत. जा घरी."

ती बाई तिथेच रडायला लागली. म्हणे, "असं मला आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही हो!"

*

मॅडमची पहिली लॅब म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. नवरा बँकेत क्लार्क. संध्याकाळी घरी आला की पुठ्ठ्याची कार्डं कापून द्यायचा, एक लांबट, एक चौकोनी, एक जरा रुंद. दोन कार्डं समोर ठेवायची आणि विचारायचं, "यातलं सुंदर कुठलं?" का, ते विचारायचं नाही.

"कारण विचारलं की माणूस शहाण्यासारखं बोलतो," मॅडम म्हणायच्या. "खरं नाही बोलत."

पहिला प्रयोग अर्थातच नवऱ्यावर. आणि काय चमत्कार! मॅडमना जे कार्ड आवडायचं, नेमकं तेच तो उचलायचा. दर वेळी! मॅडमना वाटलं, आपल्याला सौंदर्याचा नियमच सापडला. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की हा कार्डांकडे बघतच नाहीये. हा आपल्या तोंडाकडे बघतोय.

"इतकी चिडले मी! म्हटलं, प्रयोग बिघडवलास माझा. त्याचा सगळा डेटा बाद केला."

लंचच्या टेबलावर आम्ही पोट धरून हसत होतो. मॅडम डबा बंद करत म्हणाल्या, "नंतर हजारो माणसं तपासली गं. माझ्या तोंडाकडे बघणारा तो एकच निघाला."

*

कॅन्सर वॉर्डचं काम आलं तेव्हा क्लायंटचं आधीच ठरलं होतं, सगळीकडे समुद्राची चित्रं लावायची. इरफान म्हणाला, "मॅडम, ह्यात टेस्ट काय करायची? दर्या कुणाला आवडत नाही?"

मॅडम तरीही आपले फोटो घेऊन खाटांपाशी बसल्या. पहिलेच पेशंट निघाले रत्नागिरीकडचे हसनचाचा, इथल्या अल रुवैसच्या बंदरात आयुष्य गेलेले. मॅडमनी दोन फोटो धरले, एक समुद्र, एक नुसता मातीचा रस्ता. चाचांनी रस्त्यावर बोट ठेवलं.

इरफानला राहवलं नाही. "चाचा, तुम्ही दर्यावरचे, आणि दर्या नको?"

"बाबा," चाचा म्हणाले, "दर्या बघितला की घर त्याच्या पलीकडं आहे एवढंच दिसतं. रस्त्यानं निदान चालत तरी जाता येईल."

त्या दुपारी इरफानने स्वतः सगळ्या समुद्रांवर काट मारली. क्लायंटसमोरही तोच भांडला. मॅडमना तोंड उघडावंच लागलं नाही!

*

आणि मग मॅडमचे डोळे गेले.

पूर्ण नाही. नजरेचा मधला भाग गेला, कडा राहिल्या. समोरच्या माणसाचा चेहरा पुसलेला आणि बाजूची कुंडी स्पष्ट! पण हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. माणूस जरातरी दिसावा म्हणून त्या त्याच्या खांद्यापलीकडे बघत बोलायच्या. नबील बिचारा मला विचारायला आला, "डॉक्टर माझ्यावर रागावल्यात का? माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

एका प्रेझेंटेशनला स्लाइड्सचा क्रम चुकला. पडद्यावर पिवळी खोली, आणि मॅडम निळ्या खोलीबद्दल बोलतायत. रंगून बोलतायत! निळा पडदा, निळी सावली. टेबलाभोवती दहा माणसं. एकानेही हूं की चूं केलं नाही. नबील तर मान डोलवत होता.

गाडीत बसल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "स्लाइड चुकली होती ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दहा माणसं कधी इतकी शांत बसतात का? माझ्या डोळ्यांचं तुम्हाला सगळ्यांना माहीत झालंय."

पुढे पूर्ण रस्ताभर त्या खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या.

*

शेवटचा किस्सा मी सांगितला, कारण तिथे मीच होते.

वॉर्डमधल्या एका खोलीचं चित्र यायचं राहिलं होतं. त्या खोलीत नांदेडकडच्या सुमनबाई होत्या. मुलगा इथे आयटीत. त्याच्याकडे म्हणून आल्या आणि इथेच दुखणं निघालं. विमानात बसायचीही ताकद उरली नव्हती. त्यांच्या खाटेसमोर पांढरी, कोरी भिंत.

मी मॅडमना हाताला धरून आत नेलं. मराठी बोलणं ऐकून सुमनबाई म्हणाल्या, "काय लावायलेत हो बाई, हितं?"

मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या, भिंतीकडे तोंड करून. "तुम्हीच सांगा. काय लावू?"

"आमच्या गावचा डोह लावा."

"लावला. पाणी कसं आहे?"

"गढूळ. पाऊस झालाय की वर."

"बरं. काठावर एक गाय उभी करू?"

"गाय नगं बाई! म्हैस. अन् काठावर कशापायी? पाण्यात बसंल ती."

"बसवली. नुसती पाठ आणि शिंगं दिसतायत."

"हां! अन् पाठीवर बगळा."

असं कितीतरी वेळ चाललं होतं. दारात मुलगा उभा होता, लॅपटॉपची बॅग खांद्याला. त्याला ते बघवेना. जवळ येऊन म्हणाला, "आई, तिथं काही नाहीये गं."

"तू गप," सुमनबाई म्हणाल्या. "तुला दिसंना का?"

पुढच्या आठवड्यात खरं चित्र आलं. बागेचं, छान फ्रेम केलेलं, क्लायंटने पास केलेलं. आम्ही गेलो तेव्हा सुमनबाईंचा आवाज पार खोल गेला होता. फिटरने ड्रिल काढलं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायला गेला, आणि खाटेवरून हात वर झाला.

"नगं," त्या म्हणाल्या. "हाय ते काढू नका."

फिटर गोंधळून एकदा कोऱ्या भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. मॅडम खुर्चीतून उठल्या. चाचपडत भिंतीपाशी गेल्या, भिंत आणि ड्रिल यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"खलास, भाईसाब. चित्र वापस ले जाओ. यहाँ जगह नहीं है."