सासूबाईंनी भात सोडला तेव्हा

दुसऱ्यांदा गर्भ गेला तेव्हा माझा देवीवर चांगलाच राग होता. पण माझ्यापेक्षा जास्त खचल्या त्या सासूबाई. मुलाच्या लग्नात त्यांनी चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलला होता आणि धानाच्या कामात तो फेडायचा राहून गेला होता. देवीने त्याचीच शिक्षा दिली, असं त्यांनी मनाशी धरलं आणि नातवंड मांडीवर येईपर्यंत भात सोडला. सिंदेवाहीची, धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात जन्म काढलेली बाई भाकरीचा तुकडा मोडायची आणि उठायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला मात्र त्यांनी एका शब्दाने कधी दुखावलं नाही. अशी सासू मिळायला भाग्य लागतं.

डॉक्टरबाईंनी तपासणी करून समजावलं होतं. गर्भात एक गुणसूत्र जास्तीचं होतं. बीज जुळतानाच अशी गफलत आपोआप होते, त्यात कुणाच्या वागण्याचा दोष नसतो, पुढचं मूल अगदी नीट होऊ शकतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन बाई, ते गफलत करते कोन?" डॉक्टरबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

चैत्रात आम्ही नवस फेडायला महाकालीच्या यात्रेला गेलो. दर्शन घेऊन बाहेर आलो तोच सासूबाईंना घेरी आली. शेजारी नांदेडकडची एक बाई नैवेद्याचा भात रांधत होती. तिने सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि पुढ्यात भाताचं पान ठेवलं. सासूबाईंनी ते सरकवलं.

"मले भात नाई चालत. माह्या चुकीनं दोन नातवंडं गेली."

"माझी बी दोन गेली, माय," ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली. "कनसात एखादा दाना भरत नाही. म्हनून काय देवी शेतावर रागावली व्हय?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या धानातबी पोचा दाना निंगते." आणि पान जवळ ओढलं.

त्या बाईचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. तिला देवीने पाठवलं की ती आपली सहज तिथे होती, हा वाद मी घालत नाही. मूल कधी द्यायचं, द्यायचं की नाही, ते आता मी देवीआईवर सोपवलं आहे. त्या दिवशी खरं तर मूलच मागायचं ठरवून आले होते, आणि दर्शनाच्या वेळी रागाने तोंड उघडलं नव्हतं. सासूबाईंचं पान रिकामं झाल्यावर कळसाकडे पाहून हात जोडले, तर एवढंच निघालं, "आई, या जेवल्या." मागणं राहूनच गेलं.