व्यवसाय: शेती

इंटर्नशिपमध्ये खेड्यातली ड्यूटी लागली की आमच्या मेडिकल कॉलेजात काही जण रडतात आणि काही फुशारक्या मारतात. मी फुशारक्या मारणाऱ्यांतली. घर केडगावला, शेती श्रीगोंद्याकडे, तीही उसाची. खेडं मला कोण शिकवणार, अशा थाटात मी खर्ड्याच्या बाजूच्या आमच्या ग्रामीण केंद्रावर हजर झाले.

दसरा नुकताच झाला होता. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि निम्म्या लोकांना तर काहीच झालेलं नव्हतं. नुसतं तपासून घ्यायचं होतं. मला तेही विचित्र वाटलं नाही. त्या गर्दीत सातवा महिना लागलेली एक बाई सासूसोबत आली. बीपी चढलेलं, पायांवर थोडी सूज. मी केसपेपर परीक्षेत लिहितात तसा लिहिला. व्यवसाय विचारला, ती म्हणाली, "शेती." मी शेती लिहिलं. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हटलं. ती प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होती. सासूने जाताना एवढंच विचारलं, "बरी हाय ना?"

"बरी आहे, काळजी करू नका," मी म्हणाले.

दुपारी केंद्रावरच्या जुन्या सिस्टरनी डबा खाता खाता माझे केसपेपर चाळले.

"म्याडम, हिची गाडी कधी हाय, इचारलं का?"

"कसली गाडी?"

"ऊसतोडीला जात्यात ना ह्या. आठ दिसांत गाव रिकामं हुतंय. शेती काय, समदेच सांगत्यात, पर ती पावसाळ्यापुरती. जावं का न्हाई, ते इचाराया आली हुती ती. तुमी बरी हाय म्हनलात."

मी डबा बंद केला. लहानपणापासून दर हिवाळ्यात आमच्या शेताकडेला तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बायका कुठून येतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टरच्या स्कूटीवरून तिच्या गावाला गेलो. ट्रक भरत होता: भांडी, सरपण, ताडपत्री, दोन शेळ्या. ती एका बोचक्यावर बसली होती. मी काल चुकले, असं आधी सांगून टाकलं. मग म्हणाले, बीपी असंच वाढलं तर झटके येतील, बाळ आणि तुम्ही दोघंही जाल. तुम्ही जायचं नाही. नवरा ताडपत्री बांधत राहिला. सासू शांतपणे म्हणाली, "मग हिच्यापाशी ऱ्हानार कोन? मला तिकडं नातवंडं संबाळायचीत. हितं कुत्रं सुदीक ऱ्हात न्हाई."

मला त्यांचा राग आला आणि मग माझा.

सिस्टर मात्र कामाला लागल्या. दोन महिन्यांच्या गोळ्या त्यांनी पर्समधून आणल्याच होत्या. डोकं दुखलं, अंधारी आली, तोंड सुजलं की तडक दवाखाना, हे त्यांनी सासूकडून तीनदा वदवून घेतलं. टोळी कुठं चाललीय, ते मजूर घेऊन जाणाऱ्या मुकादमाला विचारलं. त्याने ज्या कारखान्याचं नाव घेतलं, त्यालाच आमचा ऊस जातो.

मी वडिलांना फोन लावला, तिला दर आठवड्याला बीपी मोजायला न्याल का, विचारलं. हंगामात ते शेतावरच असतात. ते म्हणाले, "टोळीतल्या बायांचं मुकादम बघतो. दरसाल असत्यात त्यात गरोदर बाया." दरसाल असतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून माझं डोकं जास्तच फिरलं. वडिलांना बोलू नये ते बोलले. त्यांनी फोन ठेवून दिला.

तीन-चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. "ते बीपी मोजायला कुठं न्यायचं?"

मग दर आठवड्याला ते तिला आणि सासूला जीपमध्ये घालून आरोग्य केंद्रात नेऊ लागले. आकडा मला कळवायचे, वर डिझेलवरून कुरकुर करायचे. माझी ड्यूटी संपली, मी कॉलेजात परतले, तरी फोन चालू होते. नववा लागल्यावर एका सकाळी उसाच्या फडातच तिचं डोकं ठणकायला लागलं. तिने हातातली मोळी टाकली, सासूने मुकादमाला आणि मुकादमाने वडिलांना गाठलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली, वजनाने कमी, पण रडली. ते ऐकून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले.

"तिथल्या डॉक्टरनं इचारलं तिला, आधी कुनाला दाखवत हुतीस," वडील फोनवर सांगत होते. "तर म्हनली, आमच्या गावच्या डॉक्टरीनबाईंना."

त्या गावात मी एकदाच गेले होते, तिला थांबवायला, आणि ते मला जमलं नव्हतं.