समुद्राचं सोंग

आसगावच्या धानगिरणीचं डिझेल इंजिन डोमा चालवायचा. अंगाला कायम धुराचा वास. पण दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली, की हाच डोमा दंडारीच्या खेळात राजा व्हायचा. राजाचं सोंग गावात दुसऱ्या कुणी घेतलंच नव्हतं.

सत्त्याऐंशी साली जागेश्वर गुरुजींनी दंडारीत नवीनच गंमत, म्हणजे छोटं नाटक, बसवली. गोष्ट अशी: माणसं कोळसा जाळतात, डिझेल जाळतात, धूर पिणारी झाडंही तोडतात. मग धरतीवर धुराची गोधडी चढते, आतली गरमी आतच कोंडते. दूरचा बर्फ वितळतो, पाणी तापून फुगतं आणि समुद्र चढतो. मुख्य सोंग समुद्राचं, आणि ते मिळालं सेवकरामला. तो जगन्नाथपुरीला जाऊन समुद्र पाहून आला होता ना!

"पायला म्हून समुद्र?" डोमा भडकला. "मंग मी कोन्ता राजा पायलो होतो गा?"

"तू धूर हायेस, डोमाभाऊ," गुरुजी म्हणाले. "धूर आल्याबिगर समुद्र उठतच नाई. समदं तुह्यावरच हाये."

"बरं झालं," घरी त्याची बायको रंभाबाई म्हणाली. "तोंड रंगवाचं काम नाई. गिरणीतून आले का तसेच जा."

डोमाला भाकर गोड लागेना. पानठेल्यावर सेवकराम हात पसरून लाटा दाखवायचा आणि माणसं विडा चघळायचं विसरायची. "पानीच हाये ना थे? वैनगंगेत का दूध हाये?" डोमा म्हणायचा. कुणी ऐकायचं नाही.

मंडईच्या दुपारी सेवकराम निळी लुगडी पांघरून मांडवात आडवा झाला. धुराला बोलवायला ढोलकी वाजली. डोमा पडद्यामागे बिडी ओढत बसला.

गुरुजी धावत आले. "जा ना गा, डोमाभाऊ!"

"मी जातच नाई. पाहू कसा उठते थो."

ढोलकी पुन्हा वाजली. समुद्र पडलेलाच.

"ए समुद्रा, झोपला का?" गर्दीतून कुणी ओरडलं.

"ओहोटी हाये, बावा! थांब जरासा!" लुगड्याखालून सेवकराम बोलला.

मांडव खदखदून हसला. डोमानं पडद्याच्या भोकातून पाहिलं. रंभाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. राजाच्या सोंगाला इतक्या वर्षांत ती कधी अशी हसली नव्हती. आणि हा मेला नुसता पडल्यापडल्या!

डोमानं बिडी फेकली. ओल्या तणसीचं, भाताच्या पेंढ्याचं धुमसतं घमेलं उचललं आणि तो सरळ मांडवात घुसला. "आलो! धूर आलो मी!"

त्याबरोबर सेवकराम उठला. लुगडी फुगली, लाट होऊन पुढच्या पोरांवर कोसळली. पोरं किंचाळली. टाळ्या थांबेचनात. डोमा मधोमध उभा होता, पण आपल्याच धुरात तो कुणाला दिसला नाही.

घरी जाताना रंभाबाई म्हणाली, "काय उठला व माय, समुद्र!"

"मी गेलो म्हून उठला."

"मंग कायले गेले?"

डोमा खोकला. डोळे अजून चुरचुरत होते.