मेरामणबापा आणि सुनेची अक्कलदाढ

मेरामणबापाने सुनेचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आमच्या आहिर समाजात सून सासऱ्यासमोर ओढणी छातीपर्यंत ओढते आणि तोंडातून शब्द काढत नाही. बापाने काही विचारलं की लाखीभाभी जिभेने टच् करायची. एकदा टच् म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सासू वारलेली, तिचा नवरा हमीर बाराही महिने ट्रकवर, मुलं सुट्टीत मामाकडे; घरात ही दोघंच. म्हातारा इतका तरबेज, की टच् जरा उशिरा आला तरी म्हणायचा, "वहू, पाठ दुखतेय का? राहू दे, म्हशीचं मी बघतो." मी माझ्या बायकोचं बोलणंसुद्धा इतकं लक्ष देऊन ऐकत नाही.

त्या दिवशी मी माझ्या तीनचाकी छकडोची चेन घट्ट करत बसलो होतो. बापा येऊन उभा राहिला.

"देवशी, वहू बोलत नाही."

"बापा, ती कधी बोलली होती?"

"टच् करत नाही रे गाढवा! सकाळपासून नुसती मान हलवते. रुसली म्हणावं तर मी काही वावगं बोललेलो नाही. तू दीर लागतोस, तुझ्यापुढे ती तोंड झाकत नाही. जरा जाऊन बघ."

मी थट्टेच्या तयारीनेच गेलो. "काय भाभी, सासऱ्याशी कट्टी?" म्हणत चुलीपाशी पोचलो आणि तिने तोंड माझ्याकडे वळवलं. उजवा गाल कानापासून हनुवटीखालपर्यंत सुजून तुकतुकीत झाला होता. जबडा जेमतेम बोटभर उघडत होता. लाळ गिळता येईना म्हणून ती ओढणीने पुसत होती, आणि श्वास घेताना घशात शिट्टी वाजत होती. दाढेत बजर, म्हणजे तंबाखूची पूड, दाबून आणि गरम विटेने गाल शेकून तिने आठवडा काढला होता. मला तिचा राग आला, हमीरचा आला, त्या ओढणीचा तर फारच आला.

खंभाळियाच्या दवाखान्याचा रस्ता धरला. भाभी मागे, बापा तिच्याकडे पाठ करून माझ्याजवळ. इंजिनाच्या धडधडाटात त्याला ती शिट्टी ऐकू येईना, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तो माझ्या खांद्यावर थाप मारायचा, "थांबव." मी थांबवायचो. तो कान लावायचा. श्वास ऐकू आला की म्हणायचा, "हाक." 

दातांचे डॉक्टर ठक्कर यांनी बापाला बाहेर बसवून भाभीचं तोंड पाहिलं आणि दारातूनच त्याच्यावर कडाडले, "अक्कलदाढ अर्धी हिरडीत अडकलीय, मागे पू साठलाय आणि आता तो गळ्याकडे उतरतोय. दाढ हिची, पण अक्कल कोणालाच नाही का घरात? शेकतात का असं?" जामनगरच्या हॉस्पिटलात न्यायलाच हवं होतं, पण वाटेत श्वास अडकला तर? "आधी चीर देऊन पू काढतो, मग तसेच निघा. दाढ नंतर उपटतील." वीज गेलेली, मदतनीस बाई लग्नाला. "एकाने मोबाईलचा टॉर्च धरा, एकाने डोकं. डोकं हललं तर सुरी भलतीकडे जाईल."

बापा आत आला तशी भाभीने दोन्ही मुठींनी ओढणी खाली खेचली. डॉक्टर ओरडले. मीही ओरडलो, "भाभी, मरशील!" तिने मान हलवली, नाही. शिट्टी आणखी बारीक झाली होती.

बापाने डोक्यावरचा फेटा काढला. चारचौघांत त्याचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. तो फेटा त्याने स्वतःच्या डोळ्यांवर गुंडाळला, गाठ मारली आणि चाचपडत खुर्चीमागे आला.

"बेटा, मी आंधळा झालो. सोड आता."

भाभीने मुठी उघडल्या.

डॉक्टरांनी सुई टोचून हिरडी बधिर केली आणि चीर दिली. पू उसळला. टॉर्च मी हलू दिला नाही. पुढच्याच क्षणी पू उलटा घशात गेला. भाभीचे पाय खुर्चीवर आपटू लागले, शिट्टी बंद झाली.

"डोकं माझ्याकडे वळवा!"

डॉक्टर कुठे उभे आहेत ते बापाला कसं कळणार? त्याने नेमकं उलट्या बाजूला वळवलं.

"अहो, इकडे!"

बापाने एका हाताने फेटा ओरबाडून फेकला आणि भाभीचं तोंड फिरवलं. रक्त आणि पू ट्रेमध्ये पडलं. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि एक लांब श्वास आत गेला. डॉक्टरांनी उरलेला पू वाहत राहावा म्हणून चिरेत रबराची बारीक पट्टी ठेवून टाका घातला. मी टॉर्च तेव्हा कुठे खाली केला.

बापा अजून तिचं डोकं घट्ट धरून उभा होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. भाभीने डोळे उघडले. ओढणी खाली जमिनीवर पडलेली, आणि वर सासऱ्याचा चेहरा. तिचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. मला वाटलं, पू गेला, पण आता ही लाजेने मरणार.

"बापा," ती दातांच्या फटीतून म्हणाली, "कान सोडा. दुखतायत."

बापाने कान सोडले. हात मात्र तिच्या डोक्यावरच राहू दिले.