कंपनीच्या शंका, आमची उत्तरे

विमा कंपनीकडून शंका काढून परत आलेले कागद मी फेकून देत नाही. आधी टेबलाचा खालचा कप्पा भरला, मग वरचा मोकळा केला. आता तोही नीट बंद होत नाही. माणसे जुनी पत्रे काढून वाचतात, मी हे वाचते.

मी जुनी मॅट्रिक. माझा भाचा विवेक जालन्यात हार्मोनच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्यातून विमा कंपनीकडे जाणारे प्रत्येक बिल माझ्या चष्म्याखालून जाते. विवेक सोडून सारे मला माई म्हणतात.

पहिल्या दिवशी विवेकने समजावले, की प्रत्येक आजाराला एक कोड असतो, प्रत्येक इंजेक्शनला एक कोड असतो, आणि दोहोंची जोडी जुळली नाही तर बिल परत येते.

"आणि पेशंटचे नाव?" मी विचारले.

"ते चुकलं तर एक वेळ चालतं, मावशी."

त्या दिवशी मी त्याच्याकडचा चहा घेतला नाही.

* * *

तीर्थपुरीच्या एका आजोबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनचे इंजेक्शन सुरू होते. तेच इंजेक्शन स्त्रियांच्याही एका विकारात देतात. कंपनीच्या संगणकाला कोड ओळखीचा वाटला असावा. शंका आली: "शेवटच्या पाळीची तारीख कळवावी."

आमची नर्स सुनीता लाजून चूर झाली आणि फाईल माझ्याकडे सरकवली. मी "लागू नाही" असे लिहिले. पुन्हा शंका आली: "लागू नसल्याचे कारण द्यावे."

आजोबांना हे कसे सांगावे, याचा मी बराच विचार केला आणि अखेर सांगितले. ते हळूच म्हणाले, "लिहा बाई, काय लिहायचं ते. पर गावात कळू देऊ नका."

कारणाच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: "मिशा."

बिल मंजूर झाले.

* * *

इन्सुलिनच्या बिलासोबत कधीकधी रिकाम्या बाटल्या मागतात, लेबलासकट. परतूरकडच्या एक गृहिणी नवऱ्याच्या सहा बाटल्या घेऊन आल्या. बाटल्या आरशासारख्या लखलखत होत्या. राखेने घासल्या होत्या, गरम पाण्यातून काढल्या होत्या आणि लेबलाचा कपटाही कुठे राहू दिला नव्हता.

"अहो, लेबलच तर हवे होते," मी म्हटले.

"दवाखान्यात घाण भांडं कसं द्यायचं, माई?" त्या म्हणाल्या.

आयुष्यभर लोकांना मी स्वच्छतेवरून बोलत आले आहे. त्यांना मात्र मी चहा पाजला.

* * *

विवेक हुशार आहे, पण कागदाच्या बाबतीत बेफिकीर. एकाच रुग्णाचा डोस त्याने एका कागदावर युनिटमध्ये लिहिला, दुसऱ्यावर मिलिलिटरमध्ये आणि तिसऱ्यावर "नेहमीप्रमाणे". कंपनीने विचारले, रुग्ण नेमके किती आहेत?

त्या दिवशी मी नियम घातला आणि भिंतीवर लावला: "मागच्या कागदावर जे असेल, तेच पुढच्या कागदावर उतरवावे. अक्षराचाही फरक चालणार नाही." विवेक हसला. सुनीताने मात्र तो नियम मनापासून पाळला.

फार मनापासून पाळला.

* * *

परतूरच्याच रंगनाथराव शिंप्यांची नात अन्वी अकरा वर्षांची आहे. तिची उंची वाढत नव्हती, म्हणून तिला रोज वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन देतात. औषध फार महाग. तिच्या वडिलांच्या विम्यातून ते मिळते, पण दर सहा महिन्यांनी कंपनीला उंची कळवून नवी मंजुरी घ्यावी लागते.

जूनचा कागद परत आला: "जानेवारीत व जूनमध्ये उंची एकच. औषधाचा उपयोग नाही. मंजुरी बंद."

मी सुनीताला बोलावले. तिने भिंतीकडे बोट केले. "माई, तुम्हीच म्हणलात ना, मागच्यासारखंच बराबर उतरवायचं. म्या उंचीबी उतरवली."

चूक कोणाची, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. अन्वीची उंची पुन्हा मोजून पाठवली, तर कंपनी म्हणाली, ही उंची आजची. जूनची नोंद जूनमधलीच हवी. तिच्या घरी नऊ दिवसांची इंजेक्शने उरली होती, आणि डॉक्टर सांगतात, वाढीचे वय एकदा गेले की गेले.

रंगनाथरावांना मी स्वतः फोन करून माझी चूक सांगितली. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या गाडीने आले आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही माझ्यापुढे ठेवली. सदरे, पोलकी, पायजमे यांच्या मधोमध दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ओळ होती: अन्वी, डोके ते टाच.

"इंजेक्शन सुरू झाल्यापून मापून राह्यलो, माई," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाई. वाढली न्हाई तर पोरगी नाराज व्हायची."

जानेवारीपासून जूनपर्यंत माप दीड इंचाने वाढले होते. मी त्या पानांच्या प्रती पाठवल्या, चूक आमची असल्याचेही स्वच्छ लिहिले. लगेच शंका आली: "मोजमाप घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक कळवावा."

ती मी रंगनाथरावांना वाचून दाखवली. "नंबर एकच हाय, माई. मशीनवर कोरल्याला. चालंल का?"

खोटे अक्षर माझ्या हातून जात नाही. मी लिहिले, "शिलाई यंत्र क्रमांक," आणि पुढे त्यांनी घरी फोन करून विचारलेले आकडे दोनदा ताडून लिहिले.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. खाली शेरा होता: "मोजमाप घेणाऱ्याचा क्रमांक पडताळून पाहिला. योग्य आहे."