पायाची खोली समक्ष मोजावी

आमच्या फर्मच्या प्रत्येक नकाशावर, उजवीकडे खाली, एक ओळ असे: ‘पायाची खोली समक्ष मोजावी, मगच भराई करावी.’ परभणीतले लोक ती दाखवून म्हणत, बघा, किती काटेकोर माणसं आहेत. ती ओळ काटेकोरपणातून आलेली नाही. ती माझ्यावर लिहिलेली आहे, आणि का लिहिली गेली हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं. त्यानं काही उपयोग झाला नाही.

फर्म म्हणजे आम्ही दोघं. निजामाचं राज्य जाऊन दोनएक वर्षं झाली होती. शाळा, चावड्या, गोदामं, सगळ्यांनाच एकदम बांधायची घाई झाली होती. माझे भागीदार हैदराबादेत शिकून आलेले. त्यांचा हात असा की कागदावरचं दालान बघून आत जाऊन बसावंसं वाटे. आधी ते सगळं उर्दूत लिहीत. कचेऱ्यांची भाषा बदलली तशी त्यांनी महिनाभर घोटून मराठी अक्षर तयार केलं. मी दगड फोडण्यापासून वर आलेलो. चुना, दगड, माणसं आणि गाड्या कुठून कशा आणायच्या ते मला कळे. स्टेशनाच्या रस्त्यावर एका आडत दुकानाच्या माडीवर आमची खोली होती. दोन पेट्यांवर आडवं टाकलेलं जुनं दार हे त्यांचं टेबल. भागीदारी निम्मी-निम्मी. मी त्यांना साहेब म्हणत असे, ते मला मिस्त्री. भागीदार झाल्यावरही मिस्त्रीच.

पहिलं मोठं काम झरीच्या पलीकडच्या एका खेड्यातली शाळा. जागा गावातल्या मोठ्या जमीनदारानं दिलेली. त्यांना सगळे मालक म्हणत. वस्तीची पांढरी माती संपून रानाची काळी सुरू होते, नेमकी तिथली जागा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या भिंतीला घेऊन हलते. म्हणून आमच्याकडे पाया फुटांवर ठरत नाही, मुरमावर ठरतो. कुदळीचा आवाज बदलला की खोदाई थांबवायची. तीन कोपऱ्यांत साडेचार हातांवर मुरूम लागला. चौथ्यात दोन हातांवरच. खोदाई वाचली म्हणून मी खूश झालो, हे कबूल करतो.

खोदाईला मेंढरं राखणाऱ्या घरांतली माणसं होती. त्यातली एक वयस्क बाई टोपलं खाली ठेवून म्हणाली, “मिस्तरी, ह्या जागंत आमची मेंढरं बसतेत दर साली. वळवाचं पानी सगळीकडं साचतंय, ह्या कोपऱ्यात न्हाई. आलं की गिळून टाकतंय.”

“मुरूम वर हाय म्हणून मुरतंय. बरंच हाय की.”

“मी म्हनलं सांगावं.”

“सांगितलंस. आता टोपलं उचल.”

भिंती खिडक्यांच्या वर गेल्या. एक पावसाळा झाला आणि चौथ्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग पडली, बोट जाईल एवढी. साहेब तेव्हा ताडकळसला बाजाराच्या शेडची मापं घेत होते. मी निरोप धाडला. ते यायला पंधरा दिवस होते. त्याच दुपारी मालक आले आणि मला बाभळीखाली घेऊन गेले.

“त्या कोपऱ्याखाली आमचं पेव हाय,” ते म्हणाले.

पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, वर फरशी टाकून तिच्यावर मुरूम ठोकून बसवतात. घरातलं पेव कुठं आहे हे घरच्यांनी सांगायचं नाही आणि बाहेरच्यानं विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून मीही विचारलं नव्हतं. माझ्या कुदळीखाली वाजला तो मुरूम जमिनीचा नव्हता, माणसानं ठोकलेला होता.

“जागा देताना तोंडात मूग धरले होते का?”

“लेव्हीच्या वक्ताचं हाय ते. सरकारला दाणा द्यायचा न्हवता म्हणून वडलांनी चोरून काढलं. त्या साली गावात खायला न्हवतं, मिस्तरी. आता कळलं तर लोक दारात येऊन थुंकतील.”

“आणि भिंत पडली तर माझ्यावर थुंकतील.”

“पिंगळीला स्टेशनापाशी गोदाम काढायलोय. लय मोठं काम हाय. तुमच्याच फर्मला देतो. एवढं झाकून टाका.”

मला राग आला होता. पण राग आणि सौदा माझ्यात एकाच वेळी चालतात. मी गोदामावर थांबलो नाही. परभणीत ते नवं घर बांधणार होते, त्याचं कामही मागितलं.

“तुमी माणूस हाव का काय?” मालक म्हणाले.

“मिस्त्री हाव.”

भिंतीला लाकडांचे टेकू लावले आणि कोपऱ्याच्या बाहेरून खणत आम्ही पेवाची कड फोडली. दोरीला बांधून कंदील सोडला तो विझला, म्हणून एक दिवस ते उघडंच ठेवलं. मग माणूस उतरला. तळाला कुजून काळी पडलेली ज्वारी होती, गुडघाभर. वास वर आला तशी ती मेंढरांवाली बाई वाकून बघत राहिली.

“म्हंजे दाना व्हता,” ती म्हणाली. “त्या साली आमी रानातला बरबडा शिजवून घातला लेकरांना.”

“कुणाला बोलू नको. बाकीच्यांनाही बजावलंय.”

“बोलून आता कुनाचं पोट भरंल?” असं म्हणून ती परत दगड द्यायला लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या कामावर पुन्हा कधीच पाहिलं नाही.

आम्ही ते पेव काळ्या दगडांनी आणि चुन्याच्या काँक्रीटनं गच्च भरलं आणि त्यावरून भिंतीला बाहेरून धिरा, म्हणजे दगडी टेकू, चढवला. त्या शाळेतला तो सगळ्यात भक्कम कोपरा आहे. माझ्या बाजूचा एकुलता एक पुरावाही त्याच दगडांखाली आहे, आणि तो मी माझ्या हातांनी गाडला.

साहेब आले. भेग बघितली, धिरा बघितला.

“इथं किती खोदलं होतं?”

“मुरूम लागेपर्यंत.”

“किती, मिस्त्री?”

“दोन हात.”

“आणि बाकी तीन कोपऱ्यांत?”

“साडेचार.”

त्यांनी आवाज चढवला नाही. सगळी माणसं उभी होती. “अडीच हात खोदाई वाचवलीत तर.”

माझ्या हातात ओळंबा होता. मी तो भिरकावला. तो भिंतीवर आपटून त्यांच्या पायांपाशी पडला. “तुमच्या कागदावर एकदा मुरूम काढून दाखवा,” मी म्हणालो. आणखी बरंच बोललो, पण पेव हा शब्द उच्चारला नाही. मालक सावलीत उभे राहून ऐकत होते. साहेबांनी वाकून ओळंबा उचलला, दोरा गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

पिंगळीच्या गोदामाचा नकाशा तयार झाला तेव्हा उजवीकडे खाली ती ओळ होती. पुढं ताडकळसच्या शेडवर आली, मालकांच्या घरावर आली, मग सगळ्यांवरच. फर्म वाढली. माझ्या प्रत्येक कामावर पाया भरण्याआधी माडीवरून टेप घेऊन माणूस येई. मजूर एकमेकांकडे बघत. त्यांना मुंडासं बांधता येत नव्हतं तेव्हापासून मी पाये भरत होतो.

मालक वारले तेव्हा नव्या राज्याची बोलणी पेपरात येत होती. ज्याला शब्द दिला तोच आता उरला नाही, असं ठरवून मी माडीवर गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. पेव, बाभूळ, गोदाम, त्या बाईचं बोलणंसुद्धा. ते पेन्सिल खाली ठेवून ऐकत होते.

“म्हणजे पाणी मुरतं हे तिनं आधीच सांगितलं होतं.”

“होय.”

“मुरूम लागल्यावर खाली पहार ठोकून पाहिली होती?”

“मुरमावर कोण पहार ठोकतं?”

“मग ओळ बरोबरच आहे की, मिस्त्री.”

“ओळीचं जाऊ द्या,” मी म्हणालो. “चूक झाली म्हणाला असतात तर मी खाली मान घातली असती. तुम्ही वाचवलीत म्हणालात. चार माणसांत.”

त्यांनी पेन्सिल उचलली. “वाचलीच होती ना?”

मी जिना उतरलो तो परत चढलो नाही. भागीदारी मोडली. पाटी त्यांच्याकडे राहिली, नकाशेही. त्यांनी आखलेल्या आणि मी उभ्या केलेल्या इमारती लोक आज त्यांच्या म्हणून दाखवतात.

त्यानंतर मी स्वतःची कामं घेतली. मुरूम लागला तरी चारही कोपऱ्यांत पहार ठोकतो, स्वतः खड्ड्यात उतरून. जागेचा मालक वरून विचारतो, काय शोधायलाव? मी म्हणतो, काही नाही. पेवाचं विचारायचं नसतं, आणि विचारलं तरी कुणी सांगणार नाही. पहार आत जात नाही असं बघितलं की मी वर येतो आणि चुना टाकायला सांगतो. टेप घेऊन कुणी येत नाही, तरी तेवढ्यात माझी नजर एकदा रस्त्याकडे जातेच.